एकतीस नंबरची विहीर

एकवीस वर्षं भूगोल शिकवणारा हा माणूस, ज्या रस्त्याला डांबर नाही त्या रस्त्याला कधी लागलेला नाही. उत्तरेश्वर सर. मूळचे दिंद्रुडकडचे. नोकरीनं इकडं डोंगराच्या कडेला आले आणि आल्या दिवसापासून डोंगराकडं पाठ करून बसले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांची खुर्चीसुद्धा तशीच मांडलेली. खिडकीतून बालाघाटाची अख्खी रांग दिसते, आणि सर भिंतीकडं तोंड करून चहा पितात. भिंतीवर जगाचा नकाशा आहे. माणसानं मोठं बघावं, असं त्यांचं म्हणणं.

शर्टाच्या खिशात चार रंगांची चार पेनं. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं कंपासासारखी फाकवायची सवय. वर्गात ते एकदम येत नाहीत. आधी दारात थांबतात. पोरं उठून उभी राहिली की मग पाऊल आत. एकदा बारावीच्या पोरांनी ठरवून उठायचं नाही असं केलं, तर सर अकरा मिनिटं दारातच उभे. बाराव्या मिनिटाला प्राचार्य बोळातून येताना दिसले आणि पोरं उठली. सर आत आले ते जिंकून आल्यासारखे.

त्यांचा खरा कारखाना म्हणजे प्रात्यक्षिकाची खोली. टेबलावर काच, काचेखाली पेटता बल्ब, काचेवर गेल्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल आणि त्यावर कोरा कागद. पोरानं वाकायचं आणि खालच्या रेघा वर गिरवायच्या. स्तंभालेख, विभाजित वर्तुळ, टिंबांचे नकाशे, सगळं असंच खालून वर येतं. पावसाचा स्तंभालेख तर सर रुजू झाले त्या वर्षापासून तोच आहे. बारा महिन्यांचे बारा खांब, त्यात जुलै सगळ्यांत उंच. मधल्या काळात दोन दुष्काळ होऊन गेले, एका सालात नाल्यावरचा पूल वाहून गेला, एका जुलैत तर लोकांनी पेरणीच केली नाही. सरांच्या जर्नलमध्ये जुलै हटला नाही.

सुकन्या नावाची एक मुलगी होती. तिनं घराच्या पत्र्यावर डबा ठेवून, पट्टीनं मोजून, चार महिन्यांचा पाऊस वहीत लिहून आणला आणि त्याचे खांब काढले. सरांनी वही दोन बोटांत धरली.

“हे काय?”

“आमच्या घरचा पाऊस, सर.”

“तुझ्या घरचा पाऊस परीक्षेला येणार नाही.”

वर नीटनेटकेपणाचे दोन गुण कापले. तिच्या खांबांची उंची कमीजास्त होती ना.

तर असे हे सर. एवढ्यावरच थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पोरं गिरवत राहिली असती, पास झाली असती. पण मागच्या हिवाळ्यात पंचायत समितीच्या कचेरीनं ठरवलं की बैठकीच्या दालनात तालुक्याच्या भूजलाचा एक मोठा नकाशा लावायचा. उन्हाळ्यात टँकरच्या मागण्या येतात तेव्हा कुठल्या वाडीला पाणी आहे आणि कुठल्या नाही, हे भिंतीकडं बघूनच कळावं, एवढा साधा हेतू. पन्नास विहिरींची पाणीपातळी मोजायची, ती कागदावर मांडायची, सारख्या पातळीच्या जागा रेषेनं जोडायच्या. जिथं पाणी वर तिथं निळा रंग, जिथं खोल तिथं पिवळा, जिथं नाहीच तिथं लाल. हे कोण करील, असं आमच्या कॉलेजात येऊन विचारल्यावर सरांनी हात वर केला. तो हात आम्ही सगळ्यांनी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा इतका वर गेलेला बघितला.

विहीर मोजायची म्हणजे काय, तर दोरीला दगड बांधून आत सोडायचा आणि पाणी लागेपर्यंत किती दोरी गेली ते बघायचं. सरांनी दोरी घेतली नाही. मोटारसायकल घेतली. रस्त्याच्या कडेला उभी करायची, इंजिन चालूच, एक पाय खाली.

“पाव्हणं, विहिरीला पाणी किती?”

“हाय की.”

सर वहीत लिहिणार, साडेचार मीटर. कुणी म्हटलं ‘बरं हाय’, तर साडेतीन. ‘कसंबसं’ला आठ. नुसता हात हलवला तर तेरा. आश्रुबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बिचाऱ्यानं सांगितलं, थांबा, घरातून दोरी आणतो, मोजूनच घ्या. सर म्हणाले, पुढं लई विहिरी आहेत. आणि गेले. आश्रुबा म्हणे बराच वेळ दोरी हातात घेऊन रस्त्यावर उभा होता.

अशा तीस विहिरी दोन दिवसांत झाल्या. उरलेल्या वीस डांबराला सोडून आतल्या अंगाला. त्यांच्यासाठी सरांनी मोटारसायकलही घेतली नाही. घरी पंख्याखाली बसून पन्नास वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाचा एक जुना नकाशा काढला. त्यावर विहिरींची निळी टिंबं छापलेली असतात. ती उचलली, नंबर दिले, आणि शेजारच्या विहिरींवरून पातळी ठरवली. त्यांतली पहिलीच एकतीस नंबरची. वरल्या वस्तीची.

वरली वस्ती म्हणजे बत्तीस घरं, डोंगराच्या पाठीवर. तिच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्ही उतारांच्या पायथ्याला, पाझर तलावांच्या अंगाला, एकेक भरलेली विहीर आहे. एकीला सर ‘साडेतीन’ लिहून बसले होते, दुसरीला ‘साडेचार’. मधली त्यांनी चार धरली. हिशेब तसा बरोबर. तिन्ही टिंबं कागदावर एका ओळीत होती आणि कागदाला चढ नसतो.

नकाशा छापला खुशनुमानं. पाशा मिस्त्रीच्या गॅरेजशेजारी त्याच्या या सुनेचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्ही तिथूनच निघतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसं चेहऱ्यानं ओळखते ती. फाइल स्क्रीनवर उघडली आणि म्हणाली,

“सर, वरल्या वस्तीचा डोंगर कुठं गेला?”

“हा भूजलाचा नकाशा आहे. डोंगराचा वेगळा असतो.”

“पाणी डोंगर बघून चालत न्हाई का?”

“तू छाप. निळा जरा गडद कर. साहेबलोकांना लांबून दिसला पाहिजे.”

तिनं केला गडद. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

नकाशा लागला तेव्हा समारंभ झाला. पडदा, शाल, श्रीफळ. सरांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात ‘शास्त्रीय’ हा शब्द इतक्या वेळा आला की मागच्या रांगेतला एक ग्रामसेवक बोटांवर मोजत होता, म्हणे. नकाशा दिसायला देखणा होता, हे कबूल करायला हवं. रेषा अशा गोलाईनं वळलेल्या की कुणी वेणी घालावी. खाली उजव्या कोपऱ्यात, प्रमाण आणि दिशेच्या बाणापेक्षा मोठ्या अक्षरांत, सरांचं नाव.

मार्चला वरल्या वस्तीचा हापसा कोरडा पडला. ग्रामसेवकानं टँकरची मागणी पाठवली. आठव्या दिवशी ती परत आली. कागदावर शेरा होता की सदर वस्ती नकाशानुसार पाणी उपलब्ध क्षेत्रात येते.

मग वस्तीतल्या बाया खाली पायथ्याच्या विहिरीवर जायला लागल्या. जाताना पाऊण तास. येताना डोक्यावर दोन हंडे, त्यामुळं सव्वा. दिवसाला तीन खेपा. एक बाई घसरून हात मोडून घेऊन बसली. कुणाच्या तरी तोंडून कळलं की हे सगळं एका निळ्या रंगामुळं झालंय आणि तो रंग खुशनुमाच्या दुकानात तयार झालाय. तेव्हा चंद्रभागाबाई उतरून तिथं आली. पंचावन्नच्या पुढची बाई, आवाज खालचा, पण वस्तीत तिच्या शब्दावर म्हशीसुद्धा उठतात असं म्हणतात.

“पोरी, ते निळं आमच्यावरून काढ,” ती म्हणाली.

खुशनुमा हसली नाही. निळं काढायला तिला दोन मिनिटं लागली असती. पण छापलेला नकाशा कचेरीच्या भिंतीवर होता आणि खाली नाव सरांचं होतं. तिनं फाइल उघडली, वरली वस्ती मोठी करून दाखवली.

“मावशी, तुमच्यात विहीर दाखवलीया बघा. एकतीस नंबर. चार मीटरवर पाणी.”

“कोणत्या जागी?”

“मारुतीच्या मागं दिसतीया.”

चंद्रभागाबाई तिथल्या स्टुलावर टेकली. म्हणाली, “तिथं माझ्या म्हशी हायत.”

विहीर होती. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका बाजूनं ढासळली, पाणी तर आधीच गेलं होतं, तेव्हा सासऱ्यानं मुरूम टाकून बुजवून घेतली. त्यावर गोठा झाला. त्या गोठ्यात जन्मलेल्या म्हशींच्या म्हशी आता तिथं बांधलेल्या असतात. खुशनुमानं तेवढा तुकडा एका कागदावर छापून दिला. पैसे घेतले नाहीत.

कागद घेऊन चंद्रभागाबाई तडक कचेरीत गेली असती तरी चाललं असतं. ती आधी सरांच्या घरी गेली. माणसाला सावरायला जागा द्यावी, एवढं तिला कळत होतं. सर ओसरीवर जर्नलं तपासत होते, म्हणजे सह्या करत होते. बस म्हणाले नाहीत.

“सर, ती एकतीस नंबरची विहीर तुमी बघितली का?”

“कोण तुम्ही?”

“वरल्या वस्तीची. चंद्रभागा.”

“बाई, पन्नास विहिरी आहेत.”

“आमची एकच हाय.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “बघितली. मोजली. चार मीटर.”

“सोता?”

“मी स्वतः.”

तिनं कागद पदराखालून काढलाच नाही. ती सांगत राहिली, की घाईत चुकीचं लागलं असेल, माणूस आहे, शुक्रवारी टंचाईची बैठक आहे, त्याच्या आत गुपचूप बदला, वस्तीतलं कुणी तोंड उघडणार नाही. सरांनी दोन बोटं फाकवली आणि तिला नकाशावरची, सारख्या पातळीच्या जागा जोडणारी सममूल्य रेषा समजावायला घेतली. उभ्या बाईला. रेषा शास्त्रानं जाते, कुणाच्या सोयीनं नाही. आज तुमच्यासाठी वाकवली तर उद्या अख्खा तालुका रेषा वाकवायला दारात येईल. आणि शेवटी विचारलं, “पाणी नाही म्हणता, मग राहता कसं तिथं?”

“पाणी हाय तिथं लोकांनी आदीच घरं बांधलीत, म्हणून,” ती म्हणाली आणि निघाली.

सरांना तेव्हाच कळलेलं होतं. उत्तर देताना ते तिच्याकडं बघत नव्हते, टोपणाकडं बघत होते. त्यांच्या मनात वस्तीबद्दल वाकडं काही नव्हतं. वाकडं असतं तर परवडलं असतं. वैर धरणारा माणूस निदान चढ चढून घरापर्यंत येतो. यांना फक्त तिथं जायचं नव्हतं, आणि गेलो नव्हतो हे सांगायचं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी बत्तीस घरांनी डोक्यावर हंडे वाहायला यांची काही हरकत नव्हती. शालीची घडी मोडायची नाही, बस.

शुक्रवारी बैठक भरली. गटविकास अधिकारी राजनंदिनी मॅडम महिन्याभरापूर्वीच बदलून आलेल्या, त्यांना वस्त्यांची नावं अजून पाठ नव्हती. म्हणून नकाशा समजावून सांगायला सरांना बोलावलेलं. सर हातात काठी घेऊन भिंतीशी उभे. एकेका मागणीला काठी जायची, निळं, पिवळं, लाल. मॅडम मान हलवून कागदावर लिहायच्या. वरल्या वस्तीचं नाव आलं तशी काठी निळ्यावर टेकली. मागून चंद्रभागाबाई उठली. सोबत तिची जाऊ चतुराबाई.

“मॅडम, आमची विहीर सरांनी सोता मोजलीया. मला इतकंच पुसायचंय, त्या विहिरीवर काय काय हाय?”

सर सभेकडं बघून हसले. “काय असणार? विहीर आहे.”

“तसं न्हाई. कट्टा हाय का? झाड हाय का? पाणी कशानं वडतो आमी?”

काठी थोडी खाली आली. सरांनी एकदा नकाशाकडं बघितलं, जणू तिथं झाड दिसणार होतं.

“मोटार आहे,” ते म्हणाले. “कडेला लिंबाचं झाड.”

“मोटार किती हॉर्सपावरची?”

“पाच.”

पायथ्याच्या गावचा सरपंच अंगद खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. मग शेजारच्याचे. हसू रांगेतून सरकत मॅडमच्या टेबलापर्यंत आलं तरी मॅडमना कारण कळेना.

“लिंब हाय,” चंद्रभागाबाई म्हणाली. “खोटं कावून बोलू. पर मोटार काय दिसली न्हाई आमाला कदी. तिथं माझ्या चार म्हशी बांधलेल्या असत्यात. विहीर बुजवून छत्तीस वर्सं झाली, मॅडम. सरांनी दोरी सोडली असंल तर ती म्हशीच्या पाठीवर पडली असंल.”

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला.

“सर, तुम्ही तिथं गेला होता का?”

नाटकात अशा वेळी नट संवाद विसरला तर प्रॉम्प्टर असतो. सरांना कुणीच नव्हता. त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली, खिशातली चार पेनं एकदा चाचपली आणि जे बोलले ते त्यांच्या आख्ख्या एकवीस वर्षांचं सार होतं.

“विद्यार्थी गेले होते.”

“परवा तर सोता म्हणला व्हता,” चंद्रभागाबाई म्हणाली. “पोरांवर ढकलू नका. पोरं तुमी सांगितल्यालं गिरवत्यात.”

मॅडमनी वाद वाढवला नाही. उद्या सकाळी आठ वाजता, मी, तुम्ही आणि टेप, एवढंच म्हणाल्या आणि पुढची मागणी घेतली. सर मात्र पुढच्या मागणीला काठी उचलायला विसरले.

शनिवारी जीप पायथ्याशी थांबली, कारण पुढं जीपचा रस्ता नाही. मॅडम पुढं, मागं ग्रामसेवक, त्याच्या मागं सर. बाया हंडे घेऊन त्याच वाटेनं चढत होत्या. त्यांनी वाट सोडली नाही, सरांनाच कडेला व्हावं लागलं. चार ठिकाणी सर थांबले. प्रत्येक ठिकाणी थांबायला कारण हवं म्हणून मागं वळून दृश्य बघितल्यासारखं केलं. असं करता करता एका वळणावर त्यांना खरंच दिसलं असावं. खाली दोन्ही उतारांच्या पायथ्याला दोन भरलेल्या विहिरी, आणि त्यांच्या मध्ये, कुठल्या कुठं उंच, ही वस्ती. ते काहीतरी पुटपुटले. ग्रामसेवक सांगतो, सर म्हणाले, “उंची धरायची राहिली.” चूक कबूल केल्याचा सूर नव्हता त्यात. बेरजेत हातचा राहिला तर म्हणतात तसं म्हणाले.

गोठ्यात मॅडम गेल्या. म्हशी बघितल्या, लिंब बघितला, टाचेनं मुरूम उकरून बघितला. हापशाचा दांडा स्वतः चाळीस वेळा मारला. मग दावणीच्या काठावर कागद ठेवून सही केली. मंगळवारपासून टँकरच्या दिवसाला दोन खेपा. बायांपैकी एकीनं तेवढा हंडा खाली ठेवला.

आलेल्या माणसाला पाणी द्यायची रीत काही टँकर येईपर्यंत थांबत नाही. चतुराबाईनं मॅडमना फुलपात्र दिलं. मॅडमनी दोन घोट घेतले आणि उरलेलं तसंच तिच्या हातात दिलं, सांडू नये म्हणून वरून तळवा धरून. मग तिनं सरांना तांब्या दिला.

सरांनी एक मोठा घोट घेतला, खळखळून चूळ भरली आणि गोठ्याच्या कडेला थुंकली. दुसरीही चूळ भरली. राहिलेलं पाणी एका बुटावर ओतलं, मग दुसऱ्या बुटावर, आणि लाल माती निघाली का ते वाकून बघितलं. नंतर रिकामा तांब्या चतुराबाईकडं केला आणि प्यायला म्हणून ओंजळ पुढं धरली.

चतुराबाईनं तांब्या घेतला. घरात गेली आणि दार लोटून घेतलं. बाया आपापले हंडे उचलून पांगल्या. मॅडम उताराला लागल्या होत्या, ग्रामसेवक त्यांच्या मागं. सर थोडा वेळ ओंजळ धरून तिथंच उभे होते.